हो की नाही, एवढंच सांग!

मुलाखत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? टेबलाच्या एका बाजूला घाम पुसणारा उमेदवार आणि दुसऱ्या बाजूला पाय पसरून बसलेले साहेब. घाम फोडायचा साहेबांनी आणि पुसायचा उमेदवाराने, ही वाटणी आपण सगळ्यांनी निमूटपणे मान्य करून टाकली आहे. आपल्यापैकी पुष्कळजण तर दोन्ही बाजूंना बसलेले असतात. पण गंमत बघा, टेबलाची बाजू बदलली की पलीकडे बसल्यावर आपल्याला काय वाटत होतं, ते आपण साफ विसरतो!

जलतरण तलावाचे व्यवस्थापक अशांपैकीच एक. तरुणपणी ते पोहण्याच्या संघाचे कप्तान होते. पुढे संघ मोडला, पोट सुटलं, पण 'कॅप्टन' हे नाव तेवढं चिकटून राहिलं. कचेरीत त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर पदकांची रांग लटकत असे आणि मुलाखतीला आलेल्या माणसाला बरोबर तिच्यासमोर बसवलं जाई. त्या सकाळी मात्र खुद्द कॅप्टनचंच पदकांकडे लक्ष नव्हतं. ते घडी घडी खुर्चीतून उठत, खिडकीशी जात, खाली तलावाकडे बघत आणि परत येऊन बसत. तलाव बंद होता, पाण्यात चिटपाखरू नव्हतं, तरी त्यांची नजर पाण्यात डोकी शोधत होती.

कारण साधं होतं आणि भयंकर होतं. मागच्याच आठवड्यात त्या पाण्यात एक लहान मुलगी बुडता बुडता वाचली होती. उथळ आणि खोल भागांच्या मध्ये दोर बांधलेला असतो, त्याखालून ती कधी पलीकडे गेली हे कुणालाच कळलं नाही. ती ओरडली नाही, तिने हातपायही आपटले नाहीत. दुसऱ्याच कुठल्या तरी मुलाची आई अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली, म्हणून ती मुलगी आज घरी खेळते आहे. त्या वेळी जीवरक्षकाची उंच खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बसायला नेमलेला पोरगा, मुलं त्याला लंबू म्हणत, तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला उभा होता.

कॅप्टननी चौकशी केली. चहा गार व्हायच्या आत आटोपली.

"खुर्चीवर होतास का?"

"सर, मी तिकडे..."

"हो की नाही, एवढंच सांग!"

"नव्हतो."

"खुर्ची सोडायची नसते, हे ठाऊक होतं?"

"हो, पण सर..."

"झालं तर मग!"

लंबूची नोकरी गेली. तलावाच्या समितीला कारण मिळालं, कॅप्टनना खापर फोडायला डोकं मिळालं आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण दोन दिवसांनी त्या मुलीची आई कचेरीत आली. ती रडेल, आरडाओरडा करेल, या तयारीने कॅप्टन बसले होते. समजुतीची चार वाक्यंही त्यांनी मनात घोळवून ठेवली होती. ती बाई खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. तिने शांतपणे विचारलं, "त्या मुलाला कामावर घेताना तुम्ही त्याला काय विचारलं होतं?"

कॅप्टननी डोकं खाजवलं. काय विचारलं होतं? आठवलं ते असं, की पन्नास मीटर किती वेळात कापतोस, हे विचारलं होतं. मग स्वतःच्या शर्यतीच्या अंतिम फेरीची गोष्ट सांगितली होती. ती बरीच रंगली होती. आणि शेवटी "जबाबदारीची जाणीव आहे ना?" असं म्हटलं होतं, त्यावर पोरगा "हो सर" म्हणाला होता. बस्स. एका जिवाच्या राखणीसाठी एवढीच विचारपूस!

"आठवलं की सांगा," ती बाई म्हणाली. "पोरगी रोज विचारते, पोहायला कधी जायचं म्हणून. मला तिला काहीतरी सांगावं लागेल ना."

तेव्हापासून कॅप्टनला जेवण गोड लागेना की एका जागी बसवेना.

सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. गर्दी सुरू होण्याआधी नवा जीवरक्षक नेमायलाच हवा होता. पुन्हा काही विपरीत घडलं तर तलावाला कायमचं कुलूप, असं समितीने बजावलं होतं. शिवाय, मुलाखतीला तलावाच्या कारभाराबाहेरचं एक जाणतं माणूस बसलंच पाहिजे, अशी अट घातली होती. जाणतं माणूस म्हणून समितीने निवडल्या त्या रुग्णालयातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या ताई. सगळं गावच त्यांना ताई म्हणायचं. कॅप्टनही म्हणायचे, पण त्यांच्या त्या सख्ख्या थोरल्या बहीण होत्या आणि लहानपणी कॅप्टननी त्यांच्या हातचे धपाटेही खाल्ले होते.

मुलाखती सुरू झाल्या. पहिला उमेदवार खांद्यांनी रुंद, केस चापूनचोपून बसवलेले.

"पोहता उत्तम येतं ना?" कॅप्टननी विचारलं.

"हो सर."

"आणीबाणीच्या वेळी घाबरणार नाही ना?"

"छे, सर!"

"वेळेवर याल ना?"

"अगदी, सर."

मग कॅप्टननी अंतिम फेरीची गोष्ट काढली. शेवटच्या वळणावर पायात गोळा आला होता तरी त्यांनी कसं पाणी कापलं, हे ऐकताना उमेदवाराने तीनदा "वा सर!" म्हटलं. कॅप्टनचा चेहरा त्या आठवड्यात पहिल्यांदाच जरा खुलला. दुसऱ्याला त्यांनी विचारलं, "तुमच्यातला एक दोष सांगा." तो गंभीर होऊन म्हणाला, "मी कामात जरा जास्तच जीव ओततो, सर." तिसऱ्यालाही त्यांनी हेच विचारलं. त्याच्यातही नेमका हाच दोष निघाला! दोषसुद्धा एकाच दुकानातून आणावेत तसे.

ताई एका बाजूला हाताची घडी घालून बसल्या होत्या. अजून एकही शब्द बोलल्या नव्हत्या. तिसरा उमेदवार बाहेर गेला, चहा आला, तेव्हा त्यांनी बशी पुढे ओढली.

"मग? कुठला पसंत पडला?"

"पहिला," कॅप्टन म्हणाले. ते पुन्हा खिडकीशी जाऊन उभे राहिले होते. "चुणचुणीत आहे."

"काय कळलं तुला त्याच्याबद्दल?"

"पोहतो चांगला."

"ते त्याच्या प्रमाणपत्रावर लिहिलं होतं. त्याच्या तोंडून काय कळलं?"

कॅप्टन घुटमळले. "वेळेवर येईन म्हणालाय."

"येणार नाही, असं म्हणणारा तू आजवर बघितलायस का रे?" ताईंनी चहाचा घोट घेतला. "मी ऐकत होते. सगळा वेळ तूच बोलत होतास. त्याच्याबद्दल तुला काही कळलं नाही, तुझ्याबद्दल मात्र त्याला सगळं कळलं. पायात गोळा कुठल्या वळणावर आला, इथपर्यंत!"

"ताई, तुझं आपलं काहीतरीच!" कॅप्टनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "इतकी वर्षं मी माणसं घेतोय. काय, एकेकाला खोल पाण्यात ढकलून बघू? मुलाखतीत जरा दरारा लागतो. प्रश्न असा टाकायचा की समोरच्याची बोलती बंद झाली पाहिजे."

"आणि बोलती बंद झाल्यावर तुला कळणार काय, माझं कपाळ?"

ताईंचा आवाज खाली आला. त्या आवाजात टोचणं नव्हतं, कळकळ होती.

"हे बघ. आमच्या वॉर्डात नव्या मुली यायच्या. गुणी, चटपटीत. पलंगाशी जाऊन म्हाताऱ्या बाईला विचारायच्या, 'आजी, आता बरं वाटतंय ना?' आजी म्हणायची, हो गं बाळा. पोरीला वाईट वाटू नये म्हणून म्हणायची! मी जाऊन विचारायचे, 'आजी, सकाळपासून काय काय केलंत, सांगा बघू.' मग हळूहळू बाहेर यायचं, की बिचारीला सकाळपासून कूसही बदलता आलेली नाही. तुझे प्रश्न त्या पोरींसारखे आहेत. उत्तर तू आधीच लिहून ठेवतोस, समोरच्याने खाली फक्त अंगठा उठवायचा. काय करशील, हे विचारू नकोस. तिथे सगळेच शूर असतात. काय केलंस, ते विचार. आणि विचारून झालं की तोंड मिटून बस. तुझं घोडं तिथेच पेंड खातं."

"बरं, बरं," कॅप्टन तोंडातल्या तोंडात पुटपुटले. पटलं होतं असं नाही, पण मुलीच्या आईचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

चौथी उमेदवार एक तिशीची बाई होती. एका मोठ्या तळ्याकाठी, जिथे लोक सुटीला पोहायला येतात, तिथे तिने काही वर्षं पहारा केला होता. ती बसली. कॅप्टननी सवयीने सुरुवात केली, "पोहता उत्तम..." आणि ताई खाकरल्या. कॅप्टननी उरलेलं वाक्य गिळलं. रुमालाने कपाळ पुसलं. आता घाम फुटायची पाळी त्यांची होती.

"असं सांगा," ते अडखळत म्हणाले, "पाण्यावर लक्ष ठेवताना तुमच्या नजरेतून कधी काही सुटलं होतं का? जे झालं असेल ते सांगा."

बाई काहीच बोलली नाही. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत राहिलं. कॅप्टननी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. काहीतरी बोलावं, निदान अंतिम फेरीची गोष्ट तरी काढावी, असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं. ताईंनी टेबलाखाली त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

"सुटलं होतं," शेवटी बाई म्हणाली. "दोघं भाऊ होते. श्वास कोंडून कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतो, असा खेळ चालला होता. मी बघत होते, मलाही मजा वाटत होती. धाकटा वर आला तो पालथा. मला वाटलं, नाटक करतोय. मी थांबले. किती वेळ थांबले, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मग उडी मारली. वाचला तो. पण तेव्हापासून मी मुलांच्या हसण्यात रमत नाही. हसता हसता कोण थांबलं, ते बघते." तिने कॅप्टनकडे बघितलं. "हे मी आजवर कुठल्याच मुलाखतीत सांगितलेलं नाही. कुणी विचारलंच नाही."

मुलाखत घेताना आपण एका माणसासमोर बसलो आहोत, हे कॅप्टनना पहिल्यांदाच जाणवलं. मनातल्या मनात त्यांनी ताईंना हात जोडले. सापडलं माणूस! आता मुलीच्या आईला सांगायला तोंड आहे!

पण ताईंचं अजून संपलं नव्हतं. बाईकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा."

कॅप्टन चमकले. उमेदवाराने प्रश्न विचारायचे? त्यांच्या हिशेबी हे म्हणजे रोग्याने डॉक्टरची नाडी धरण्यापैकी होतं.

"एकच विचारते," बाई म्हणाली. "खुर्चीवर असताना मला आणखी कुठली कामं असतील?"

"विशेष काही नाही!" कॅप्टन उत्साहाने पुढे सरसावले. हा त्यांचा आवडता विषय होता. "फक्त टोप्या. पोहायची टोपी घातल्याशिवाय आमच्याकडे कुणी पाण्यात पाऊल टाकू शकत नाही. केस फिल्टरमध्ये अडकतात ना! एवढी शिस्त तुम्हाला दुसऱ्या कुठल्या तलावावर दिसायची नाही. मी इथे खिडकीतून बघत असतो. बिनटोपीचा माणूस दिसला रे दिसला, की मी वरून हाक मारतो आणि खुर्चीवरच्या माणसाने ताबडतोब खाली उतरून, तिथे जाऊन, त्याला..."

कॅप्टन एकदम थांबले.

"खाली उतरून?" बाईने विचारलं. तिच्या विचारण्यात खोच नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मग तेवढा वेळ पाण्याकडे कोण बघतं?"

खाली फिल्टरची घरघर ऐकू येत होती. ताई त्यांच्याकडे बघत होत्या.

"तो मुलगा त्या दिवशी खुर्चीवरून का उतरला होता?" ताईंनी हळूच विचारलं.

"माहीत नाही."

"तू विचारलं नाहीस?"

"विचारलं की! म्हणजे..." कॅप्टनना स्वतःचीच चौकशी आठवली. खुर्चीवर होतास का, हे विचारलं होतं. का नव्हतास, हे विचारलंच नव्हतं! एका पोराची भाकरी काढून घेतली आणि साधं 'का' विचारलं नाही! त्या दिवशी खिडकीतून आपण हाक मारली होती का? रोज मारत होतो. दिवसातून इतक्यांदा मारत होतो, की त्या दिवशीची वेगळी आठवतही नव्हती.

ते उठले. निकाल, सह्या, चहाचे कप, सगळं टेबलावर तसंच टाकून जिना उतरले. ताईंनी त्यांना अडवलं नाही.

लंबूचं घर बाजारामागच्या गल्लीत होतं. दार त्याच्या आईने उघडलं. तिने कॅप्टनना ओळखलं, पण आत या म्हटलं नाही. लंबू मागच्या पायरीवर सायकलची साखळी चढवत बसला होता. हात काळे झाले होते. सरांना बघून तो ताडकन उभा राहिला आणि मग उभं राहायची आता गरज नाही, हे आठवून पुन्हा खाली बसला.

कॅप्टन त्याच्या शेजारी पायरीवरच टेकले.

"त्या दिवशी काय झालं, ते मला पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "मी मध्ये बोलणार नाही."

लंबू बराच वेळ साखळीशी झटत राहिला. आधी त्याला विश्वासच बसला नसावा. कॅप्टन थांबले. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या, शेजारचा कुत्रा भुंकून दमला, तरी थांबले.

"तुम्ही वरून हाक मारलीत," लंबू खाली बघत म्हणाला. "'अरे, तो बघ बिनटोपीचा, झोपलास काय?' म्हणालात. मी उतरून गेलो. तो गृहस्थ ऐकेना. मी कोण आहे ठाऊक आहे का, म्हणायला लागला. माझा हात धरून ठेवला. मी दोनदा मागे वळून बघितलं, सर. पाण्यात सगळे दिसत होते. तिसऱ्यांदा वळलो, तेव्हा त्या काकू उडी मारत होत्या."

"अरे, मग चौकशीत हे बोलला का नाहीस?"

लंबूने पहिल्यांदा वर बघितलं. त्याचे डोळे भरले होते.

"तुम्ही हो की नाही विचारलंत, सर. यातलं काहीच त्या दोन शब्दांत बसत नव्हतं."

कॅप्टननी मान खाली घातली. आयुष्यात मिळवलेली सगळी पदकं त्या क्षणी कुणी मागितली असती, तर त्यांनी काढून दिली असती! "चुकलो मी," ते म्हणाले. "तुला खुर्चीवरून मी उतरवलं, आणि नोकरीवरूनही मीच."

हेच वाक्य त्यांनी संध्याकाळी समितीपुढे उभं राहून पुन्हा म्हटलं. कुणी सांगितलं नसताना म्हटलं. नंतर ते मुलीच्या आईकडे गेले आणि तिलाही सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. तिने त्यांना माफ केलं असं नाही. ती बराच वेळ दारात उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "त्या मुलावर मी उगाच राग धरला. त्याला सांगा तसं."

समितीने दोघांनाही घेतलं, तळ्यावरच्या बाईला आणि लंबूला. खुर्चीवर बसणाऱ्याने पाण्यावर नजर ठेवायची, दुसरं कुठलंही काम त्याला सांगायचं नाही, असं ठरलं. टोप्या तपासायला दारात उभं राहायचं काम कॅप्टननी स्वतःकडे घेतलं. पण लंबू लगेच हो म्हणाला नाही. त्याने एक अट घातली.

"तुम्ही वरून हाक मारलीत, तर मी उतरणार नाही, सर."

"उतरू नकोस," कॅप्टन म्हणाले.

मित्रहो, मुलाखती काय फक्त कचेऱ्यांतच होतात? शाळेतून उशिरा आलेल्या पोराला आपण दारात उभं करून विचारतो, तीही मुलाखत. कामावरच्या माणसाला, घरच्या सुनेला, आजारी बापाला आपण रोज काही ना काही विचारतो. आपल्याला हवं ते उत्तर पुढे सरकवतो, समोरच्याने मान हलवली की खूश होतो, आणि सगळं कळलं असं समजून उठतो. खरं मात्र समोरच्याच्या ओठांशी येऊन परत फिरलेलं असतं. कुणाची तरी रोजीरोटी, कुणाचा तरी जीव त्याच्यावर टांगलेला असतो! म्हणून एवढंच लक्षात ठेवूया. ज्याचं उत्तर आपल्याला खरोखर ठाऊक नाही, तेच विचारायचं, आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबायचं. आणि ते उत्तर आपल्यावरच उलटणारं असेल, अशी शंका आली, तर जरा जास्तच थांबायचं.